दुप्पट वेग

“मग दुप्पट वेगात वाजवायला तुम्हाला अडचण काय आहे?”

केतकी चुरीने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारताना ती ‘अंकल’ म्हणाली होती, दुसऱ्यांदा ‘सर’. या वेळी ती काहीच म्हणाली नाही.

इनास तुस्कानो पडवीत ड्रमच्या मागे बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. पोट मांडीवर टेकलेलं, गुडघे कामातून गेलेले. ऐन उमेदीत मुंबईच्या हॉटेलांत त्यांनी तीस वर्षं जॅझ आणि ब्लूज वाजवलं. आता वसईतल्या आपल्या वाडीत, केळीच्या बागेमागे, ते एकटेच राहत. कुणी शिकायला आलं तर शिकवत. बहुतेक जण आठवड्याभरात पळून जात.

केतकी शिकायला आली नव्हती. ती विरारला व्यायामाचे वर्ग चालवायची. चौदा मिनिटांत चरबी जाळायची, हा तिचा हातखंडा. उड्या, बैठका, जागच्या जागी धावणं, वीस सेकंद विश्रांती, पुन्हा उड्या. बायका रांग लावून यायच्या. तिच्या अंगावर चिमूटभर चरबी नव्हती, आणि समोरच्या माणसाचं पोट तिला बघवत नव्हतं.

“पुन्हा लाव,” इनास म्हणाले.

तिने फोनवर गाणं लावलं. इनास यांच्याच बँडची जुनी कॅसेट, फोनवर उतरवून घेतलेली. मूळचं गाणं संथ. केतकीने त्याचा वेग दुप्पट केला होता. सॅक्सोफोन बदकासारखा केकाटत होता, आणि ड्रमच्या जागी कुणीतरी डब्यात खडे खुळखुळवत असल्यासारखं वाटत होतं.

इनास यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

“हे आमच्या सॅक्सोफोनवाल्या आल्फीने बांधलं,” ते म्हणाले. “आठ महिने लागले त्याला. बरं झालं, हे ऐकायच्या आधी गेला.”

“म्हणूनच म्हणते. फोनवर वेग वाढवला की आवाज बिघडतो. तुम्ही स्वतः जलद वाजवा, मी रेकॉर्ड करून घेते. पाच मिनिटांचं काम आहे.”

“दुसरं गाणं घे. जलद गाणी काय कमी आहेत?”

“दुसऱ्या गाण्यावर ती हलत नाही.”

“कोण?”

“माझी आई.”

“आणि हलली नाही तर?”

केतकीने फोन पिशवीत टाकला. तिला हे सगळं सांगायचं नव्हतं. पण आता राग इतका वर आला होता की तोंडातून दुसरं काही निघेना.

“माझ्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. हेमंत. चौतीस वर्षांचा आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. माझा रक्तगट जुळत नाही. आईचा जुळतो. बाकीही सगळं जुळतं. पण आईचं वजन एक्क्याऐंशी आहे, आणि डॉक्टर म्हणतात, बहात्तरवर आणा, मग तिची किडनी घेऊ. तीन महिने दिलेत. त्यातले दहा दिवस गेले.”

“मग?”

“मग काय? मी लोकांच्या आयांची वजनं उतरवते. माझीच आई चौथ्या मिनिटाला बसते.”

“हे गाणं तिला कसं ठाऊक?”

“लग्नाआधी ती तुमच्या त्या हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर होती. तिची खोली हॉलच्या भिंतीला लागून. रोज ऐकायची. तुमच्यापैकी कुणाला तिने कधी पाहिलं नाही.”

“भिंतीपलीकडे…” इनास म्हणाले. “आम्हाला वाटायचं, तिकडे गोदाम आहे.”

मग त्यांनी तारांचे दोन ब्रश तिच्यापुढे धरले.

“बस.”

“मला वाजवता येत नाही.”

“वाजवायचं नाही. नुसतं घासायचं. मी आकडा म्हणतो, प्रत्येक आकड्याला एकदा. थांबायचं नाही. पळायचं नाही.”

ती बसली. पाच मिनिटांत हे संपवायचं आणि रेकॉर्डिंग घ्यायचं, असं तिने मनाशी ठरवलं.

“एक…” इनास म्हणाले. “दोन…”

दोन आकड्यांच्या मध्ये एवढा वेळ होता की माणूस मध्येच दुसरा विचार करून येईल. केतकीने ब्रश ड्रमच्या चामड्यावर घासला. तीन… चार… मग इनास आकडे म्हणायचे थांबले आणि नुसते ऐकत बसले.

अर्ध्या मिनिटाने म्हणाले, “पळालीस.”

“नाही पळाले.”

“पुन्हा.”

पुन्हा सुरू केलं.

“पळालीस.”

सहाव्या वेळी तिच्या मनगटात कळ आली. रोज शंभर बैठका घालणारी बाई, आणि तारेचा एक ब्रश हळू फिरवताना तिचा खांदा पेटला. नवव्या वेळी कपाळावरून घाम डोळ्यात उतरला.

“पळालीस.”

अकराव्या वेळी तिने ब्रश फेकला. तो झांजेवर आदळून अंगणात गेला.

“हळू हळू करत बसायला माझ्याकडे वेळ आहे का? तिकडे तो सुईला लटकलाय, आणि इकडे ही चार उड्या मारून म्हणते, केतू, आज घोटा सुजलाय, उद्या करू. उद्या. मी सांगितलं तिला. तोंडावर सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

केतकीने अंगणात पडलेल्या ब्रशकडे पाहिलं.

“म्हटलं, तुला तुझा मुलगा जगायला नकोय. म्हटलं, असली आई असण्यापेक्षा…”

“मग ती काय म्हणाली?”

“काही नाही. उठली आणि उड्या मारायला लागली. सुजलेल्या पायाने. मी थांब म्हटलं तरी थांबेना. तेव्हापासून बोलत नाही. आज चौथा दिवस. मी सांगते ते सगळं करते. नुसतं तोंड मिटून करते.”

अंगणात केळीची पानं वाऱ्याने फडफडत होती. केतकीला वाटलं, आता हा म्हातारा दोन गोड शब्द बोलेल, आणि तो तसं बोलला तर आपण इथून तडक निघून जायचं.

इनास म्हणाले, “ब्रश उचलून आण.”

तिने आणला.

“तार वाकवलीस.” त्यांनी ती बोटांनी सरळ केली. “घोट्याची सूज उतरली की आईला घेऊन ये. सकाळी सातला. तू गप्प बसायचं.”

“आणि वेग?”

“गप्प बसायचं म्हणालो, ते ऐकू आलं ना?”

*

सुमतीबाई चुरी तीन दिवसांनी लेकीच्या स्कूटरवर मागे बसून आल्या. सत्तावन्न वर्षांची, रुंद बांध्याची, शांत चेहऱ्याची बाई. अंगणात उतरल्यावर त्यांनी ड्रमकडे पाहिलं, मग ड्रममागच्या माणसाकडे, आणि हात जोडले. इनास यांनी मान हलवली. ना ओळखदेख, ना चहापाणी.

“फिरा,” ते म्हणाले. “विहिरीला वळसा घालून, फणसाखालून परत. बरं वाटेल तसं.”

आणि त्यांनी आल्फीचं गाणं सुरू केलं. नुसत्या ड्रमवर. सॅक्सोफोन कुठेच नव्हता, तरी सुमतीबाईंना तो ऐकू येत असावा. त्यांची मान हलली. मग पाय.

केतकी पायरीवर बसून फोनवर मोजत होती. मिनिटाला अठ्ठावन्न ठोके.

अठ्ठावन्न. एवढी संथ तर देवळातली पालखीसुद्धा फिरत नाही. तिच्या वर्गात दीडशेच्या खाली गाणं लागत नसे. अठ्ठावन्नने कुणाची चरबी जळत नाही, हे तिला पुस्तकातलं पान काढून दाखवता आलं असतं. म्हातारा तर डोळे जमिनीला लावून बसला होता. पेंगतोय की काय, असं तिला वाटलं.

चाळीस मिनिटांनी इनास थांबले. सुमतीबाईही थांबल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी केतकीला राहवेना.

“आई, हात तरी हलव. गुडघे वर घे. ही काय बागेतली फेरी आहे?”

ड्रम बंद पडला.

सुमतीबाई फणसाखाली उभ्या राहिल्या. इनास यांनी ब्रश मांडीवर ठेवले.

“घराच्या मागे एक बाक आहे,” ते म्हणाले. “तिथे जाऊन बस.”

“मी ट्रेनर आहे.”

“असशील.”

“तिचं काही बरंवाईट झालं तर मला दिसायला पाहिजे.”

“ऐकू येईल.”

केतकीने आईकडे पाहिलं. आई बागेकडे पाहत होती. केतकी दाणदाण पावलं टाकत घराच्या मागे गेली. ती बाकावर बसल्यावरच ड्रम पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर रोज ती तिथेच बसायची. भिंतीपलीकडून फक्त ठोके यायचे. आहाराचा तक्ता रुग्णालयातून मिळाला होता, त्याप्रमाणे घरी वजन करून भाकरी, वजन करून भात. सुमतीबाई ते मुकाट्याने खात. पहिल्या आठवड्याच्या शेवटी काट्यावर उभ्या राहिल्या, तर वजन दोनशे ग्रॅमनी वाढलेलं.

त्या दिवशी केतकीने बाकावर बसून ठरवलं. हे सगळं बंद करायचं. उद्यापासून पुन्हा चौदा मिनिटं. मग तिला सुजलेला घोटा आठवला, आणि त्यावर उड्या मारणारी आई. ती उठली नाही. पण शांतही झाली नाही. म्हाताऱ्याची एक दिवस उलटतपासणी घ्यायची, या इराद्याने तिने रोजचे ठोके फोनमध्ये लिहून ठेवायला सुरुवात केली. तारीख, ठोके, मिनिटं. अठ्ठावन्न, चाळीस. एकोणसाठ, चाळीस. अठ्ठावन्न, बेचाळीस.

तिसऱ्या आठवड्यात दीड किलो उतरलं. केतकीला आनंद व्हायला हवा होता. तिला वाटलं, माझ्या वर्गात हे आठ दिवसांत झालं असतं.

पाचव्या आठवड्यात भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. आई हसली होती. घरी महिनाभरात न हसलेली बाई एका परक्या माणसाच्या अंगणात हसत होती, आणि पोटची पोर मागच्या बाकावर मुंग्या बघत बसली होती. तिने बाकाला लाथ मारली. अंगठा ठेचला.

परतताना स्कूटरवरून तिला पायही नीट टेकता येईना. फाटकाजवळ स्कूटर हळू झाली, आणि मागून, कानाजवळ, आईचा आवाज आला.

“तू जे बोललीस, ते मी विसरणार नाही.”

केतकीने समोर बघत स्कूटर धरून ठेवली.

“आणि उद्यापासून साडेसहाला पोचू. सातनंतर ऊन लागतं.”

“बरं,” केतकी म्हणाली.

एवढंच. पण त्या रात्री जेवताना सुमतीबाईंनी स्वतःहून मीठ मागितलं, आणि हेमंतने ताटातून वर बघून दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

अकराव्या आठवड्याच्या शेवटी काटा एकाहत्तर किलो आठशे ग्रॅमवर थांबला. डॉक्टरांनी कागदावर सही केली. ऑपरेशन सहा तास चाललं. संध्याकाळी नर्सने बाहेर येऊन सांगितलं, नवी किडनी चालू झाली, हेमंतला लघवी झाली. ते ऐकून केतकी रुग्णालयाच्या जिन्यात बसून रडली. आणि रडता रडता तिला राग आला, कारण आपण शेवटचं कधी रडलो ते तिला आठवत नव्हतं.

*

दोन महिन्यांनी ती वसईला आली. बरोबर मिठाईचा डबा होता, तो तिने पडवीतल्या कट्ट्यावर ठेवला.

“दादा बरा आहे. कालपासून इमारतीचे जिने चढतो. आईलाही बरं आहे. आठवड्याने येईल म्हणाली.”

इनास यांनी मान हलवली.

“मी नवीन वर्ग काढतेय,” केतकी म्हणाली. “फक्त अशा लोकांसाठी. ज्यांना उड्या मारता येत नाहीत, पण वजन उतरवायलाच हवं. अकरा आठवडे. तुमचं गाणं. सगळं तयार आहे, फक्त तुमची पद्धत तेवढी लिहून द्या.”

“कसली पद्धत?”

तिने फोन काढला.

“हे बघा. मी रोज मोजत होते. पहिल्या आठवड्यात अठ्ठावन्न. तिसऱ्यात चौसष्ट. पाचव्या आठवड्यात एकदम बहात्तर. सातव्यात दोन दिवस पुन्हा सत्तर, मग अठ्ठ्याहत्तर. शेवटच्या दिवशी ब्याण्णव, आणि सत्तर मिनिटं. हे तुम्ही मुद्दाम केलं. हळूहळू चढवत नेलं, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही.”

इनास यांनी फोनवरचे आकडे पाहिले. चष्मा वर करून पुन्हा पाहिले.

“ब्याण्णव?” ते म्हणाले.

“तुम्हाला ठाऊक नाही?”

“नाही.”

“तीस वर्षं ड्रम वाजवलात, आणि काय लयीत वाजवतोय ते तुम्हाला ठाऊक नाही?”

केतकीचा आवाज चढला. “मला बाकावर बसवलंत. मी तिथे रोज जळत होते. वाटायचं, हा माणूस माझ्या भावाचे दिवस खातोय. एकदा सांगितलं असतं, की पोरी, मी वेग वाढवतोय, धीर धर, तर मी नीट झोपले तरी असते. कुठल्या दिवशी वाढवायचं हे कसं ठरवत होतात? वजन बघून? नाडी बघून? मी हे विचारतेय कारण मला ते लोकांना शिकवायचंय. ही विद्या स्वतःपाशी ठेवून तुम्हाला काय मिळणार आहे?”

“मी वाढवला नाही.”

“मग हे आकडे खोटे आहेत?”

“खरे असतील.”

“अठ्ठावन्नचे ब्याण्णव आपोआप झाले? सातव्या आठवड्यात दोन दिवस लय खाली आली, तीही आपोआप?”

“सातव्या आठवड्यात…” इनास आठवू लागले. “तेव्हा तिला सर्दी होती.”

केतकीच्या हातातल्या फोनचा उजेड विझला.

“मला चिडवू नका,” ती म्हणाली, पण आवाज आता तितका चढा नव्हता. “सरळ सांगा. लय कुणी वाढवली?”

इनास यांनी दोन्ही हातांनी आपले गुडघे चोळले.

“मी बसलो होतो, पोरी. चालत कोण होतं?”